घरं नाही, कुटुंबं मोजा!

मच्छीमार बंधू-भगिनींनो, नाखवा मंडळींनो,

बडोद्याचं खंडेराव मार्केट बऱ्याच जणांनी पाहिलं असेल. सयाजीराव महाराजांनी 1906 साली खंडेराव महाराजांच्या नावानं बांधलेली ही देखणी इमारत. नाव मार्केटचं, पण महापालिकेचं मुख्य कार्यालय तिथेच. मागच्या अंगाला भाजीबाजार, पुढे शहराचा कारभार. कोणत्या वस्तीत किती घरं लागतील, त्याचे कागदही अशाच कार्यालयात फिरतात. आपल्याकडे ते नगरपालिकेत फिरतात, नाहीतर ग्रामपंचायतीत.

त्या कागदावर जे कुटुंब नाही, त्याच्यासाठी आराखड्यात घरही नाही. विषय एवढा सरळ आहे.

आपली मोजणी चुकते कुठे?

मोजणारा येतो, दार बघतो, एक घर लिहितो. आत तीन भाऊ, तिघांचे संसार, चुली तीन. प्रधानमंत्री आवास योजनेत कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि अविवाहित मुलं. म्हणजे लग्न झालेला मुलगा वेगळं कुटुंब. तीन संसारांचं एक घर लिहिलं, तर दोन संसार कागदावरून गेलेच.

दुसरं, माणसं दर्यावर असताना मोजणी झाली तर माहिती सांगणार कोण? 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते, सगळे घरी असतात. वस्तीची यादी करायला हाच काळ चांगला.

तिसरं, आपलं घर चार भिंतींत संपत नाही. जाळी विणायला अंगण लागतं, बोंबील सुकवायला वलांडी लागते, पावसाळ्यात होडी शाकारायला जागा लागते. ही जागा नकाशावर आली नाही, तर उद्या ती 'मोकळी जमीन' ठरते.

कायदा काय म्हणतो?

18 जानेवारी 2019 च्या सीआरझेड अधिसूचनेत साफ लिहिलंय: किनारा व्यवस्थापन आराखड्यात मच्छीमार गावं, त्यांच्या सामायिक जागा, जेट्टी, मासळी सुकवायच्या जागा दाखवायच्या. आणि मच्छीमारांच्या वाढत्या कुटुंबांसाठी घरांचं दीर्घकालीन नियोजन राज्यानं करायचं. म्हणजे आपण भीक मागत नाही, नियमात आहे तेच मागतोय.

आपण काय करायचं?

▪️ आळीनिहाय वही करा. प्रत्येक विवाहित जोडप्याची वेगळी ओळ.
▪️ भाड्यानं राहणारे, विधवा भगिनी, खलाशी सुटू देऊ नका.
▪️ वलांडी, होड्यांची जागा, जाळ्यांची खोपटी हातानं नकाशावर काढा.
▪️ भरतीचं पाणी कोणत्या घरात शिरतं, तेही लिहा.
▪️ घरपट्टी, वीजबिल, सातबारा किंवा मिळकत पत्रिका एकत्र ठेवा. आजोबांच्याच नावावर असेल तर वारस नोंदीला लागा.
▪️ वहीची प्रत अर्जासोबत द्या आणि पोच घ्या. पोच नाही तर अर्ज दिलाच नाही असं समजा.

शहरात आवास योजना 2.0 आहे, सप्टेंबर 2024 पासून. वर्षाला 3 लाखांपर्यंत उत्पन्न असलेलं कुटुंब दुर्बल घटकात येतं, मात्र देशात कुठेही स्वतःचं पक्कं घर नसावं. गावात असाल तर आवास प्लसच्या यादीत नाव आहे का, ते ग्रामपंचायतीत बघा.

मासळीचा हिशेब आपण पाटीपाटीनं ठेवतो. आता माणसांचाही ठेवूया. आपल्या आळीत हे काम कोण हाती घेणार, ते खाली लिहा. 🙏