शोकेसमधला परदेश

डोंबिवलीतल्या मध्यमवर्गीय घरात बाहेरच्या खोलीत एक काचेचे कपाट असतेच. आमच्याही घरी आहे. त्याच्या खालच्या फळीवर मी शाळेत मिळवलेले दोन कप (एक उत्तेजनार्थ) आणि वरच्या फळीवर परदेश! आमचे मामा कंपनीच्या कामाने जिथे जिथे गेले, तिथून त्यांनी काही ना काही आणले. पितळी रंगाचा आयफेल टॉवर, लंडनची दुमजली लाल बस, हॉलंडचे बोटभर लांबीचे लाकडी बूट. पाहुणे आले की आई हळूच पंखा लावते आणि बाबा हळूच कपाटाकडे वळतात.

एकदा दिवाळीची साफसफाई करताना मी हा सगळा परदेश खाली उतरवला. फडक्याने पुसता पुसता टॉवर उलटा केला, तर तळाला बारीक अक्षरांत चीनचे नाव. बसच्या खाली चीन. बुटांच्या खालीही चीनच! शेजारी वाती वळत बसलेल्या आजीला मी हे सांगितले, तेव्हा ती शांतपणे म्हणाली, "मग त्यात काय? असलं तर आपल्या स्टेशनाबाहेरही मिळतं."

आजीच्या ह्या एका वाक्याने मला विचारात पाडले. मामांनी पैसे खोटे मोजले नव्हते, प्रेमही खोटे नव्हते. मग वस्तू खोटी कशी ठरली? 'सुव्हेनिर' हा मूळ फ्रेंच शब्द, त्याचा अर्थ आठवण. त्या टॉवरला कसली आठवण असणार? तो पॅरिसला आला तो मामांसारखाच, परदेशातून.

ही हौस मात्र आजकालची नव्हे. इटलीतले पॉम्पेई शहर इ. स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेले. तिथल्या एका घरात १९३८ साली हस्तिदंताची एक भारतीय स्त्रीमूर्ती सापडली. आज ती नेपल्सच्या संग्रहालयात आहे. तिच्याशी साम्य असलेल्या मूर्ती आपल्या तेर आणि भोकरदन येथे मिळालेल्या आहेत. उलट कोल्हापूरला ब्रह्मपुरीच्या टेकडीवरील उत्खननात पॉसिडॉन ह्या ग्रीक समुद्रदेवाची छोटी ब्राँझ मूर्ती निघाली. म्हणजे त्यांच्याकडे आमची बाई आणि आमच्याकडे त्यांचा देव, अशी ही देवघेव दोन हजार वर्षांची आहे! आपले कल्याण हे त्याच काळातले बंदर. 'पेरिप्लस' ह्या जुन्या ग्रीक ग्रंथात त्याचा उल्लेख येतो. आज कल्याणला गाडी बदलताना हे कुणाच्या ध्यानात येत नाही, ते सोडा.

मामांनी आणलेली एकच वस्तू आजीला पसंत पडली. ती शोकेसमध्ये नाही, स्वयंपाकघरात आहे. इस्तंबूलच्या एका गल्लीत तांबटाच्या दुकानातून त्यांनी लांब दांड्याचे, कॉफी उकळण्याचे तांब्याचे लहानसे भांडे घेतले होते. आजीने ते हातात धरले, आत बोट फिरवले आणि तिचा चेहरा उजळला. "अगं बाई, ह्याला कल्हई आहे!" खरोखरच होती. तांब्याच्या भांड्यात अन्न कळकू नये म्हणून आतून कथिलाचा मुलामा देतात, तो तिकडेही देतात. मी पुढे शोध घेतला तर कथिलाला तुर्की शब्द 'कलाय' निघाला. तो आणि आपली कल्हई एकाच अरबी मुळातून आलेले. आजीने कधी कल्याणच्या पुढे प्रवास केला नाही (एकदा पंढरपूर सोडल्यास), पण त्या तांबटाची आणि तिची ओळख पटली ती अशी.

तेव्हापासून मी एक ठोकताळा धरला आहे. परक्या गावी गेल्यावर, तिथले लोक स्वतःसाठी काय विकत घेतात ते पाहावे. प्रेक्षणीय स्थळाच्या दारातले दुकान हे आपल्यासाठी मांडलेले असते. चार गल्ल्या सोडून असलेला बाजार तिथल्या माणसांसाठी असतो. भांड्यांची आळी, सुतारांची आळी, कागदाचे दुकान, संग्रहालयाचे स्वतःचे विक्रीकेंद्र ह्या जागा बऱ्या. वस्तू लहान असली तरी चालेल. पण ती कशाची, कुणी केली आणि कशासाठी वापरतात, ह्या तीन प्रश्नांना दुकानदाराने अडखळत का होईना, उत्तर दिले पाहिजे. तो नुसती किंमत सांगू लागला तर पुढे चालावे.

'अस्सल म्हणजे पुरातन' हा मात्र निव्वळ गैरसमज. एकात एक बसणाऱ्या रशियन बाहुल्या आपण अनादि काळापासूनच्या समजतो. त्या १८९० च्या दशकात प्रथम घडवल्या गेल्या आणि १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात नावाजल्या. हॉलंडच्या डेल्फ्टची निळी-पांढरी भांडी तर सतराव्या शतकात चिनी भांड्यांची नक्कल म्हणूनच सुरू झाली. नक्कल करता करता हात बसला आणि भांडे डच झाले. तेव्हा चीनचे नाव पाहून नाक मुरडण्यातही अर्थ नाही. चीनमध्ये जाऊन चिनी कारागिराची वस्तू आणली तर ती अस्सलच. आमच्या टॉवरचा दोष त्याच्या गावात नाही. तो कुणीच केलेला नाही, हा आहे.

एवढे शहाणपण गाठीशी असूनही मी फसलो, तेही घराजवळ. जर्मनीत राहणाऱ्या मावसबहिणीने लिहिले की, ती ज्यांच्याकडे राहते त्या वृद्ध दांपत्याला द्यायला "आपल्याकडचं काहीतरी खास" पाठव. मी ठाण्याला गेलो आणि तलावपाळीवरून परत येताना एका दुकानातून वारली चित्र असलेला एक सुंदर ट्रे घेतला. दुसऱ्या दिवशी मोठ्या ऐटीत वर्गात दाखवला. आमच्या वर्गात डहाणूकडचा एक वारली मित्र आहे. एरवी फारसा बोलत नाही. त्याने ट्रे पाहिला आणि विचारले, "लग्न कुणाचं आहे?"

मला काही कळेना. मग त्याने बोट ठेवले. ट्रेच्या मधोमध नक्षीचा चौकोन होता आणि त्यात एक आकृती. "हा चौक आणि ही पालघट देवी. लग्नात सवाष्णी भिंतीवर काढतात. धवलेरी गाणी म्हणते. चौकाशिवाय लग्न लागत नाही. तू ह्यावर चहा देणार?"

त्या दुपारी कँटीनमध्ये त्याने जे सांगितले ते मला आमच्या ठाणे जिल्ह्यात जन्मून ठाऊक नव्हते. (डहाणू, तलासरी, जव्हार हे तालुके १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्ह्यात गेले, तोवर ते आमचेच.) कुडाची भिंत शेणामातीने लिंपायची, गेरूने सारवायची आणि तांदळाच्या पिठाच्या पांढऱ्या रंगाने, टोक चेचलेल्या बांबूच्या काडीने चित्र काढायचे. दोन त्रिकोण टोकाला टोक लावून जोडले की माणूस उभा राहतो. हे काम बायकांचे. १९७० च्या दशकाच्या आरंभी भास्कर कुलकर्णी ह्या चित्रकाराने पाड्यांवर जाऊन कागद आणि रंग दिले, आणि गंजाडचे जिव्या सोमा मशे हे पुरुष असून रोज, लग्नाविना, चित्रे काढू लागले. १९८९ साली पॅरिसच्या एका गाजलेल्या प्रदर्शनात त्यांची चित्रे होती. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली आणि २०१८ मध्ये ते वारले. म्हणजे कागदावरची वारली कला रशियन बाहुलीहूनही तरुण आहे, आणि तरीही अस्सल. कारण ज्यांची ती होती त्यांच्याच हाताने ती भिंतीवरून कागदावर उतरली. माझ्या ट्रेवरचा चौक छापलेला होता. शेकडो ट्रेंवर तोच चौक, तीच देवी, कुणाचे नाव नाही.

मी ओशाळून म्हणालो, "मग मी काय पाठवू?" तो हसला. पंधरा दिवसांनी सुट्टीहून येताना त्याने गुंडाळी आणली. त्याच्या आत्याने कापडावर काढलेले चित्र. त्यात देवी नव्हती. मध्ये तारपा वाजवणारा, भोवती नाचणाऱ्यांचा वळसा आणि कोपऱ्यात कोंबड्यांमागे धावणारे एक पोर. किंमत ट्रेच्या चौपट होती. आईने कपाळाला आठ्या घातल्या, बाबांनी निम्मे दिले, निम्मे मी शिकवणीच्या पैशांतून भरले. मित्राने एका चिठ्ठीवर आत्याचे नाव, पाडा आणि चित्रात काय आहे ते लिहिले. मावसबहिणीने त्याचे जर्मन केले.

जाता जाता, परदेशी जाणाऱ्या मित्रांसाठी एक व्यवहाराची गोष्ट. अस्सलपणाच्या नादात खरोखरीची जुनी मूर्ती बॅगेत टाकू नका. शंभर वर्षांहून जुनी मूर्ती वा भांडे, आणि पंचाहत्तर वर्षांहून जुनी महत्त्वाची पोथी देशाबाहेर नेणे १९७२ च्या पुरावस्तू कायद्याने खाजगी माणसाला मना आहे. तिकडच्या बहुतेक देशांचेही असेच कायदे आहेत. हस्तिदंताच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर १९८९ साली बंदीचा ठराव झाला. पोवळे, कासवाची पाठ, कातडी ह्यांपासूनही लांबच राहावे. दुकानदार 'काही होत नाही' म्हणतो. विमानतळावर तो आपल्याबरोबर नसतो.

चित्र जर्मनीत पोचले. त्या आजोबांनी उलट टपाली विचारले की, कोंबड्यांमागे धावणारे पोर कोण? मी मित्राला विचारले. तो म्हणाला, "मीच."

ट्रे अजून आमच्याकडे आहे. आजीला सगळी हकीगत कळल्यापासून ती त्यावर कप ठेवू देत नाही. तिने तो शोकेसमध्ये उभा केला आहे, आयफेल टॉवरच्या पुढे.