शेड तापवून बेदाण्याचा रंग टिकत नाही, उलट जातो



गेल्या हंगामात बैठकीत मी एक वाक्य बोलून गेलो होतो, "मणी तपकिरी करणारं विकर उष्णतेनं मरतं." वाक्य खरं होतं, पण अर्धवट होतं. किती उष्णतेनं, ते मी सांगितलंच नाही. आपल्या एका सभासद अण्णांनी ते मनावर घेतलं आणि शेडच्या चारही बाजूंना ताडपत्री बांधली. आत तापेल आणि हिरवा रंग टिकेल, असा त्यांचा हिशेब. तिसऱ्या दिवशी फोन आला, "सर, माल लाल पडायला लागलाय."

जाऊन बघितलं तर आत 43 अंश, हवा कोंदट आणि मणी अजून रसानं भरलेले. ताडपत्री लगेच सोडली, पण गेलेला रंग परत येत नाही. हिरव्याचा माल काळ्याच्या भावात गेला. चूक अण्णांची नव्हती, माझ्या अर्धवट सांगण्याची होती. म्हणून या वर्षी रॅक भरायच्या आधी पूर्ण सांगतो.

*विकर म्हणजे काय?*

विकर म्हणजे एन्झाइम. द्राक्षात जे विकर रंग बिघडवतं त्याचं नाव पॉलिफिनॉल ऑक्सिडेज. चिरलेलं वांगं काळं पडतं, कापलेलं सफरचंद लालसर होतं, ते याच जातीच्या विकरामुळं. चहाची हिरवी पानं चुरगाळून काळी होतात, तेही याचंच काम. तिथं ते हवं असतं, आपल्याला नको असतं.

चांगल्या मण्यात हे विकर आणि फिनॉल नावाचे पदार्थ वेगवेगळ्या कप्प्यांत असतात. मणी दबला, साल फाटली किंवा सुकताना पेशी फुटल्या की दोघं एकत्र येतात. त्यात हवेतला ऑक्सिजन मिळाला की तपकिरी रंग तयार होतो.

*घरी करून बघा*

मूठभर थॉम्पसन घ्या, तीन वाटे करा. पहिला वाटा कुस्करून रस फ्रिजमध्ये ठेवा. दुसरा कुस्करून रस शेडमध्ये सावलीत ठेवा. तिसऱ्या वाट्याचे मणी अख्खेच उकळत्या पाण्यात चार मिनिटं ठेवा, मग कुस्करा.

शेडमधला रस लवकर तपकिरी होतो. फ्रिजमधलाही होतो, पण सावकाश. उकळलेल्या मण्यांचा रस मात्र बराच वेळ फिकट राहतो. सगळी गोष्ट या तीन ग्लासांत आहे.

थंडीत विकर मरत नाही, फक्त सुस्तावतं. 30 ते 40 अंशांत ते जोरात काम करतं. साधारण 60 अंशांच्या पुढं ते बिघडायला लागतं आणि 70-80 अंशांत काही मिनिटांत निकामी होतं. अंडं उकडल्यावर पुन्हा पातळ होत नाही, तसं हे विकरही पुन्हा उठत नाही.

आता आपल्या शेडचा विचार करा. कितीही ताडपत्री बांधली तरी शेड 70 अंशांवर जाणार नाही. म्हणजे शेड तापवून आपण विकराला मारत नाही, त्याला आवडणारी ऊब देतो. वर कोंडलेल्या दमट हवेमुळं मणी सुकायलाही वेळ लागतो.

*मग रंग टिकतो कशानं?*

विकराला पाणी लागतं. मण्यातलं पाणी कमी होऊन साखर घट्ट झाली की त्याचं काम मंदावतं. म्हणून आपली शर्यत उष्णतेची नाही, सुकण्याच्या वेगाची आहे. पहिले चार-पाच दिवस सगळ्यात महत्त्वाचे.

डिपिंग यासाठीच करतो. 1 लिटर पाण्याला 25 ग्रॅम पोटॅशियम कार्बोनेट आणि 15 मिली डिपिंग ऑइल, घड 2 ते 4 मिनिटं बुडवायचे. यानं सालीवरची मेणाची लव मोकळी होते आणि पाणी लवकर बाहेर पडतं. बाकीचं काम वाऱ्याचं.

ऊन थेट लागलं की मणी हवेपेक्षाही जास्त तापतो आणि त्याचा हिरवेपणा उडतो. कॅलिफोर्नियात हाच थॉम्पसन वेलींच्या ओळींमध्ये कागदावर टाकून उन्हात वाळवतात. त्याचा बेदाणा गडद तपकिरी होतो आणि तिथं तो तसाच विकला जातो. आपल्या बाजाराला हिरवा पाहिजे, म्हणून आपल्याला सावली पाहिजे.

गंधकाची धुरी उष्णतेशिवायच विकराला अडवते. पण जादा गंधक मालात उतरतं आणि खरेदीदार ते तपासतात. डिपिंग आणि वाऱ्यातली चूक धुरीनं झाकायला जाऊ नका.

*या आठवड्यात एवढं करा*

1. रिफ्रॅक्टोमीटरवर 22 ब्रिक्स आल्याशिवाय तोडणी नको. गोडी कमी म्हणजे पाणी जास्त, सुकायला वेळ जास्त.
2. फुटलेले, दबलेले मणी डिपिंगच्या आधीच काढा. क्रेट काठोकाठ भरू नका. मणी दबला की तिथंच डाग पडतो.
3. जाळीवर थर पातळ ठेवा. घडावर घड नको.
4. पश्चिमेच्या बाजूला शेडनेट लावा. दुपारचं तिरकं ऊन खालच्या रॅकवर येतं.
5. ताडपत्री फक्त पावसाच्या वातावरणात, तीही पावसाच्या बाजूला. आभाळ उघडलं की लगेच वर घ्या.
6. शेडमध्ये साधा थर्मामीटर टांगा. दुपारी 2 वाजताचा आकडा रोज वहीत लिहा.

माल तयार झाल्यावर ओलावा 15 टक्क्यांच्या आसपास ठेवा आणि एप्रिल-मेमध्ये पत्र्याच्या खोलीत साठवू नका. सुकलेला बेदाणाही गरमीत हळूहळू काळवंडतो. तिथं विकरापेक्षा साखरेचीच रासायनिक क्रिया जास्त असते आणि तीही उष्णतेनं वाढते. म्हणून कोल्ड स्टोरेज.

रंग बदलतोय असं वाटलं तर वाट बघू नका. रॅकचा फोटो, डिपिंगची तारीख आणि शेडचं तापमान या मेसेजला उत्तर म्हणून पाठवा. अण्णांनी यंदा चारही बाजू मोकळ्या ठेवल्यात आणि थर्मामीटर माझ्या आधी आणलाय.

आपला,
कृषी सल्लागार