उन्हाळा, पावसाळा आणि घरचा फ्रीज



ऊस, खत, पाणी यांबद्दल या पानांवर आपण नेहमी बोलतो. या खेपेला विषय घरातला आहे. कोडोली आणि आसपासच्या वाड्यावस्त्यांवर आता घरोघर फ्रीज दिसतो. एप्रिल उजाडला की तक्रारही ठरलेली : "फ्रीज दिवसभर चालूच राहतोय, पण पाणी काही गार होत नाही." मेकॅनिक येतो, "गॅस गेलाय" म्हणतो, गॅस भरतो आणि पैसे घेऊन जातो. पंधरा दिवसांनी पुन्हा तेच.

आमच्या पाहण्यातले एक घर सांगतो. फ्रीज पत्र्याच्या छताखाली, भिंतीला अगदी चिकटून, चुलीपासून दोन हातांवर होता. दोनदा गॅस भरला, उपयोग शून्य. शेवटी तो मधल्या खोलीत हलवला, मागच्या जाळीवरची धूळ झाडली, आणि दुसऱ्या दिवशी पाणी गार! गॅस गेलाच नव्हता. दोष होता तो जागेचा आणि हवेचा.

फ्रीज करतो काय?

फ्रीज थंडी तयार करत नाही. आतली उष्णता उचलून तो बाहेर टाकतो, एवढेच त्याचे काम. हे आपल्या सभासदांना कारखान्यावरून चटकन कळेल. पॅनमध्ये दाब कमी केला की सिरप साठ-सत्तर अंशांनाच उकळते. फ्रीजमधला गॅस असाच कमी दाबाखाली शून्याच्याही खालच्या तापमानाला उकळतो आणि उकळताना आतल्या दुधा-भाजीतली उष्णता ओढून घेतो. मग कॉम्प्रेसर त्याला दाबतो, तो तापतो आणि मागच्या किंवा बाजूच्या नळ्यांतून ती उष्णता खोलीत सोडून पुन्हा पातळ होतो.

आता अडचण कुठे येते पाहा. स्प्रे पाँडचे पाणी कोमट राहिले की पॅनचा व्हॅक्यूम पडतो, हे पॅनवर काम केलेला कोणीही सांगेल. तसेच खोलीच तापलेली असली तर फ्रीजने उष्णता टाकायची कुठे? शिवाय आत शिरणारी उष्णताही वाढते. आत ४ अंश आणि बाहेर १६ असतील तर फरक १२ अंशांचा. बाहेर ४० झाले की फरक ३६. म्हणजे फ्रीजच्या भिंतींतून आत झिरपणारी उष्णता तिप्पट. त्यात लग्नसराईची पाहुणेमंडळी दर पाच मिनिटांनी दार उघडणार! मशीन जास्त वेळ चालते, विजेचे बिल वाढते, यात नवल नाही.

म्हणून फ्रीजचे तोंड पुसतो त्यापेक्षा पाठ जास्त सांभाळावी. मागे चार-सहा बोटे आणि वर वीतभर जागा मोकळी ठेवावी. ऊन, चूल आणि पत्रा यांपासून तो दूर असावा. फ्रीजवर गोधडी किंवा प्लॅस्टिक टाकून मागचा भाग झाकू नये. प्लग काढून वर्षातून दोनदा जाळी ब्रशने झाडावी. गरम कालवण निवल्यावरच आत ठेवावे.

नवा फ्रीज घेताना आतल्या चिठ्ठीवर हवामानाचा वर्ग पाहावा. 'एन' वर्गाचा फ्रीज १६ ते ३२ अंशांच्या खोलीसाठी, 'एसटी' ३८ अंशांपर्यंत आणि 'टी' ४३ अंशांपर्यंत काम करण्यासाठी बनवलेला असतो. आपल्याला 'टी' बरा.

पावसाळ्याची तऱ्हा वेगळी

माठ कोरड्या उन्हाळ्यात उत्तम चालतो आणि पावसाळ्यात त्याचे पाणी गार होत नाही, कारण दमट हवेत पाणी झिरपले तरी ते सुकत नाही. फ्रीजला उन्हाळा जड जातो, तसा दमटपणाही वेगळ्या रीतीने त्रास देतो. दार उघडले की ओली हवा आत जाते आणि तिचे पाणी फ्रीझरवर बर्फ होऊन बसते. हा बर्फ गोधडीसारखा असतो. तो जाड झाला की आतली उष्णता नळ्यांपर्यंत पोचत नाही. साध्या एकदारी फ्रीजमध्ये अर्धा सेंटिमीटर थर जमला की बर्फ वितळवून घ्यावा. सुरी किंवा उलथने लावू नये. नळीला भोक पडले तर मात्र गॅस खरोखरच जातो.

लक्षात ठेवा, गॅस बंद नळ्यांत फिरतो, तो वापरून संपत नाही. कोणी "गॅस भरायचाय" म्हटले तर "गळती कुठे आहे ती आधी दाखवा" म्हणावे. आजच्या बऱ्याच फ्रीजमधला गॅस पेट घेणारा असतो, त्यामुळे हे काम शिकलेल्या माणसाकडूनच करून घ्यावे.

पावसाळ्यात दारावर, कडेला घाम आला तर तो बिघाड नव्हे. दाराचे रबर सैल आहे का तेवढे पाहावे. कागदाचा कपटा दारात धरून ओढा. तो सहज निसटला तर रबर पुसून पाहा, नाहीतर बदला. ओल्या जमिनीवर अनवाणी उभे राहून दार उघडताना मुंग्या आल्यासारखे वाटले, तर ती थट्टा नव्हे. त्या दाराला पुन्हा हात लावू नका. मेन स्विच बंद करा आणि अर्थिंग तपासून घ्या.

वादळी पावसात वीज जाते-येते, दाब कमी-जास्त होतो. वीज आल्याबरोबर फ्रीज सुरू करू नये. नळ्यांतला दाब सारखा व्हायला तीन ते पाच मिनिटे लागतात. तोवर कॉम्प्रेसर अडतो, नुसता गुरगुरतो आणि तापतो. वेळ लावणारा स्टॅबिलायझर हे काम आपोआप करतो.

पूर आणि लांबलेला अंधार

२०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये पंचगंगा-वारणेच्या पुराने काय केले ते विसरण्यासारखे नाही. फ्रीजमध्ये पाणी शिरले असेल तर तो वरून सुकला म्हणून लावू नये. आधी वायरमनकडून तपासून घ्यावा. पुराचे पाणी लागलेले अन्न टाकून द्यावे.

नुसती वीज गेली असेल तर दार बंद ठेवावे. बंद दारात फ्रीज साधारण चार तास गारवा धरतो. वेगळ्या दाराचा, गच्च भरलेला मोठा फ्रीझर दोन दिवस, अर्धा भरलेला एक दिवस. आपल्या एकदारी फ्रीजमधल्या छोट्या कप्प्याचा एवढा भरवसा नाही. आभाळ भरून आले की दोन-चार बाटल्या पाण्याने पाऊण भरून फ्रीझरमध्ये गोठवून ठेवाव्यात. वीज गेली तर कामाला येतात.

घरात कोणाचे इन्सुलिन असेल किंवा जनावरांची लस ठेवली असेल, तर जास्त जपावे. त्यांना २ ते ८ अंश लागतात. उन्हाने ती बिघडतात आणि गोठली तरीही निकामी होतात. त्यामुळे फ्रीझरमध्ये किंवा त्याला चिकटवून ठेवू नयेत.

थंडीतले एक काम

आपला हिवाळा सौम्य. विलायतेत थंड गॅरेजमध्ये फ्रीज ठेवला तर मशीन सुरूच होत नाही आणि फ्रीझरमधले वितळते, तशी पाळी आपल्यावर सहसा येत नाही. पण उन्हाळ्यात वाढवलेले बटन थंडीत खाली आणायला आपण विसरतो. बऱ्याच फ्रीजमध्ये मोठा आकडा म्हणजे जास्त थंडी. मग मेथी-कोथिंबीर गोठून काळी पडते आणि वीज फुकट जाते.

तेव्हा मेकॅनिकला बोलावण्याआधी एकदा फ्रीजच्या मागे वाकून पाहा, जागा, धूळ, रबर आणि बटन तपासा. खर्च काही नाही, आणि घरातल्या इन्सुलिनचा, लसीचा, दुधाचा जीव त्यावरच असतो.