संगीत नटाची घडण आणि त्याची ओळखपाळख

गोड गळ्याची मुले गावोगावी असतात. निलंग्यासारख्या तालुक्याच्या गावीही गणेशोत्सवात एखादा मुलगा असे नाट्यपद म्हणतो की, मांडवातील मंडळी ‘वन्स मोअर’ दिल्यावाचून राहत नाहीत. दुसऱ्या दिवशी त्याचे वडील कोणा जाणत्याला गाठतात आणि विचारतात, ‘‘पोराचा गळा चांगला हाय म्हणतेत. पुढं काय करावं?’’ ह्या साध्या प्रश्नाचे उत्तर देताना आमची नेहमी तारांबळ उडते. गाणे शिकवणारा सापडेल. पण गाता गाता नट कसे व्हावे, आणि झाल्यावर आपल्याला बोलावणार कोण, हे सांगणे कठीण. आज त्याचाच थोडा विचार करू.

युरोपात गाऊन करावयाच्या नाटकाला ऑपेरा म्हणतात. 1637 साली व्हेनिस शहरात तिकीट काढून कोणालाही पाहता येईल असे ऑपेरागृह उघडले, आणि तेव्हापासून गायक नट हा एक पेशा झाला. तेथे गायक नाट्यगृहाच्या चालकांपुढे चार-पाच पदे म्हणून दाखवतो, पसंत पडला तर करार होतो. आपल्याकडे मात्र ही पाहणी, शिकवणी, नोकरी आणि जेवणखाण सारे एकाच छपराखाली होते. त्या छपराचे नाव नाटक मंडळी.

अण्णासाहेब किर्लोस्करांनी 1880 साली पुण्यात ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आणले आणि संगीत नाटकाची परंपरा सुरू झाली. त्यानंतरची पन्नास वर्षे मुलगा कंपनीत गेला म्हणजे शाळेतच गेला, असे समजावे. सकाळी गाण्याची मेहनत, दुपारी तालीम, रात्री प्रयोग. प्रयोग नसेल त्या दिवशी मोठ्या नटांची नक्कल बघत बसायचे. केशवराव भोसले स्वदेशहितचिंतक मंडळीत लहानपणीच आले आणि शारदेच्या भूमिकेत नावारूपाला आले. पुढे रामकृष्णबुवा वझे यांच्यासारख्या पट्टीच्या गवयाची तालीम त्यांना मिळाली. वझेबुवांनी दीनानाथ मंगेशकरांनाही शिकवले. नटाला गवई शिकवतो आणि गवयाला कंपनी पोसते, असा हा दुहेरी व्यवहार होता. दोघांचेही त्यात भले झाले, आणि श्रोत्यांचे तर सर्वांत जास्त; कारण ज्यांनी कधी मैफलीचे तोंड पाहिले नाही त्यांच्या कानावर राग पडले ते नाटकातूनच.

आता ओळखपाळखीची गोष्ट. बालगंधर्व मोठे झाले ते गळ्यामुळे, हे खरेच. पण 1905 साली नारायण राजहंस हा मुलगा किर्लोस्कर मंडळीत कसा पोहोचला ते पाहावे. त्याचे गाणे कोल्हापूरच्या शाहू महाराजांच्या कानी गेले होते. मुलाच्या कानाला दोष होता. त्याच्यावर मिरजेस डॉ. वॉनलेस यांच्याकडे उपचार झाले आणि किर्लोस्कर मंडळीही त्या वेळी मिरजेस होती. तेथे त्याला देवलांसारखा तालीममास्तर मिळाला आणि पुढे भास्करबुवा बखल्यांसारखा गुरू. राजा, डॉक्टर, नाटककार, गवई: इतक्या माणसांचे हात लागले तेव्हा एक नट उभा राहिला. कोणी ह्याला वशिला म्हणेल. आम्ही म्हणत नाही. वशिल्याने रंगभूमीवर पाऊल टाकता येते, तेथे टिकता येत नाही. तिसऱ्या पदाला प्रेक्षक खोकू लागतात.

ह्या पेशातल्या स्पर्धेविषयीही एक समज दुरुस्त करावासा वाटतो. गंधर्व मंडळी आणि ललितकलादर्श ह्या दोन तोडीस तोड कंपन्या. तरी 8 जुलै 1921 रोजी मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी दोघींनी मिळून ‘मानापमान’ केले. केशवराव धैर्यधर आणि बालगंधर्व भामिनी. त्याच वर्षी ऑक्टोबरात केशवराव वारले, म्हणून त्या प्रयोगाची आठवण अधिकच हळवी झाली. प्रतिस्पर्ध्याच्या शेजारी उभे राहून गाण्याने दोघांपैकी कोणीच लहान झाला नाही.

पण कंपनीच्या शाळेत हिशेब शिकवत नसत. 1913 साली निघालेल्या गंधर्व मंडळीला नाव आणि गर्दी दोन्ही असून कर्जाने घेरले. मग बोलपट आले. 1932 सालच्या ‘अयोध्येचा राजा’त हरिश्चंद्र झाले ते ‘मानापमाना’ला चाली देणारे गोविंदराव टेंबेच. जाणत्यांनी वारा ओळखला होता. एकेक कंपनी मोडली आणि तिच्याबरोबर शाळाही मोडली. ह्या मोडतोडीच्या काळातच एक चांगली गोष्ट घडली, ती म्हणजे स्त्रियांच्या भूमिकांत स्त्रिया उभ्या राहिल्या. 1929 च्या सुमारास हिराबाई बडोदेकरांनी स्वतःची मंडळी काढली. तेव्हा आज कोणी मुलीबद्दल हाच प्रश्न विचारला, तर वेगळे उत्तर देण्याचे कारण नाही.

पुढे संगीत नाटक पुन्हा उभे राहिले ते नाट्यसंस्थांच्या बळावर. 1964 साली गोवा हिंदु असोसिएशनने ‘मत्स्यगंधा’ केले, जितेंद्र अभिषेकींच्या चालींवर. 1967 साली ‘कट्यार काळजात घुसली’ आले. त्यातले खाँसाहेब, वसंतराव देशपांडे, तेव्हा 47 वर्षांचे होते आणि त्यांच्या आयुष्याची कितीतरी वर्षे लष्करी हिशेब खात्याच्या नोकरीत गेली होती. आम्हांला हे उदाहरण फार मोलाचे वाटते. पोट एका ठिकाणी भरावे आणि गाणे दुसऱ्या ठिकाणी वाढवावे, ही तडजोड हलकी नाही. मात्र ह्या सगळ्या वर्षांत त्यांनी मेहनत सोडली नव्हती. नाटककार दारव्हेकरही नागपूरचे आणि वसंतरावांचे शिक्षणही नागपूरचे. ऋणानुबंध असे जुन्या गावापासून चालत येतात.

मराठवाड्याची अडचण निराळी. निजामाच्या राजवटीत येथे शिक्षणाची भाषा उर्दू. कोल्हापूर-बडोद्यासारखा मराठी गाण्याला जवळ करणारा दरबार नाही. बार्शी लाइट रेल्वेची गाडी लातुरापर्यंत यायची, निलंगेकराला तेथवर जायलाच सुमारे 50 किलोमीटर तुडवावे लागत. 1948 साली राजवट गेली, 1960 साली आपण महाराष्ट्रात आलो, रस्ते झाले. पण कंपनीचा तंबू गावात पडला आणि मुलगा तिच्याबरोबर गेला, तो काळ तेव्हा सरलाच होता.

मग त्या वडिलांना काय सांगावे? गांधर्व महाविद्यालयाच्या परीक्षा द्याव्यात, पण प्रमाणपत्र हे रंगभूमीचे तिकीट नव्हे, हेही ध्यानात ठेवावे. परीक्षेत बसून गातात; नाटकात चालत, वाकत, रडत गावे लागते, आणि पद संपताच त्याच श्वासात भाषण धरावे लागते. ते शिकायचे तर हौशी का होईना, उभे नाटक हवे. शासनाच्या राज्य नाट्यस्पर्धेत संगीत नाटकांचीही स्पर्धा होते. तेथे मुख्य भूमिका मिळेलच असे नाही. मिळाली नाही तर पडदा ओढावा, प्रॉम्प्टिंग करावे, ऑर्गनवाल्याच्या मागे बसावे. एका मोसमात चार संस्थांची माणसे ओळखीची होतात, आणि ऐन वेळी कोणी आजारी पडले की ह्याच मुलाची आठवण होते. कारण त्याला सगळे नाटक पाठ असते.

साथीदारांशी आदराने वागावे. कोणता मुलगा तयार आहे हे दिग्दर्शकाच्या आधी तबलजीला कळते, आणि तो दहा ठिकाणी वाजवत असल्याने दहा ठिकाणी बोलतो. आपली पट्टी काळी दोन की पांढरी चार, हे विचारताच सांगता आले पाहिजे. वेगवेगळ्या वळणांची सात-आठ पदे कधीही म्हणता येतील अशी तयार असावीत. नाइट किती, प्रवासखर्च कोणाचा, हे दौऱ्याला निघण्यापूर्वी विचारावे, एस. टी. स्टँडवर नव्हे. आमच्या माहितीतील एक तरुण ह्याच संकोचापायी परगावच्या प्रयोगानंतर रात्रभर स्टँडवर बसून राहिला आणि सकाळी उसन्या पैशांनी घरी आला. पद उत्तम झाले होते. पुन्हा बोलावणे आले तेव्हा त्याच्या आईने नको म्हटले. आम्ही मध्ये पडलो, संस्थेला पत्र लिहून पैशांचे आधी ठरवून घेतले, आणि मग तो गेला.