भोसले घाटाच्या पायऱ्या आणि पलीकडचं जंगल

काशीला गेलेल्या मराठी माणसाला घाट दाखवले जातात ते नावेतून. दशाश्वमेधावरून सुटलेली नाव मणिकर्णिकेपाशी जरा मंदावते. शिंदे घाटावर कललेलं रत्नेश्वर महादेवाचं देऊळ दिसलं की सगळ्यांचे मोबाइल वर होतात, आणि बहुतेक नावा तिथूनच माघारी वळतात. थोडंसंच पुढे, संकठा घाट आणि गंगामहाल ओलांडला की लागणारा भोसले घाट त्यामुळे पाहायचाच राहतो. नागपूरहून आलेल्यांचासुद्धा.

नागपूरकर भोसल्यांनी 1780च्या सुमारास हा घाट बांधला आणि 1795मध्ये तो दगडाने पक्का झाला. वर लक्ष्मीनारायणाचं मंदिर आहे, आसपास यमेश्वर आणि यमादित्य ही जुनी ठाणी. पण नजर खिळते ती इमारतीच्या भिंतीवर. निम्म्याहून जास्त उंचीपर्यंत ही भिंत अगदी कोरी आहे. खिडक्या आहेत त्या पार वरच्या मजल्यावर, लहान आणि नेटक्या. राजवाड्यात राहायचं आणि गंगा डोळाभर दिसेल असा एक सज्जाही खाली ठेवायचा नाही, हा काय प्रकार? उत्तर नदीकडे आहे. वाराणसीत गंगेची धोक्याची पातळी 71.262 मीटर आहे आणि 1978च्या पुरात पाणी 73.901 मीटरपर्यंत चढलं होतं. एरवी ज्या पायऱ्यांवर बसून माणसं शेंगा सोलतात त्या पावसाळ्यात पाण्याखाली असतात. बांधणाऱ्यांनी खालची भिंत गंगेसाठी सोडली आणि वरचा मजला स्वतःसाठी ठेवला, एवढाच त्याचा अर्थ.

काशीतल्या मराठ्यांचा इतिहास वाचकांना पाठ असतो, तेव्हा तो इथे भरभर उरकायला हरकत नाही. अहिल्याबाईंनी विश्वनाथाचं मंदिर पुन्हा उभारलं, बायजाबाई शिंद्यांनी 1830मध्ये घाट बांधला, पेशव्यांनी तर ठिकठिकाणी बांधकामं केली. गागाभट्ट इथले आणि झाशीची राणीही इथल्याच भदैनीत जन्मलेली. ही नावं वाचून माहीत असणं वेगळं आणि लहान मुलाचा हात धरून एकेका नावासमोरून चालत जाणं वेगळं.

अस्सीपासून आदिकेशवापर्यंत घाटांची रांग साडेसहा-सात किलोमीटरची. मुलांना घेऊन ती सगळी चालायची काही गरज नाही. भोसले घाटावरून दक्षिणेकडे गेलं की लगेच मणिकर्णिकेच्या चिता लागतात. लहानग्यांना ते दाखवायचं की नाही, हे ज्याचं त्याने ठरवावं. उत्तरेकडची वाट मात्र निर्धास्त आहे आणि तिला गर्दीही कमी. पहिला गणेश घाट. इथलं अमृत विनायकाचं मंदिर अमृतराव पेशव्यांचं. मग रामघाट. इथल्या सांगवेद विद्यालयात सकाळी गेलं तर घनपाठाचे स्वर रस्त्यावर ऐकू येतात. पुढे बालाजीचं देऊळ येतं, तिथे उस्ताद बिस्मिल्ला खाँ सनईचा रियाज करत. आणि मग पंचगंगा. बिंदुमाधवाचं आजचं देऊळ औंधच्या पंतप्रतिनिधींनी बांधलेलं, पायऱ्यांवरचा दगडी हजारा, म्हणजे शेकडो दिव्यांची दीपमाळ, अहिल्याबाईंचा. एकनाथांनी भागवतावरची टीका 1573मध्ये काशीतच पुरी केली आणि परंपरा त्याची जागा इथेच सांगते. त्यापुढे दुर्गा घाट, ब्रह्मा घाट. या गल्ल्यांमध्ये मराठी घरं अजून आहेत, आणि इथला सार्वजनिक गणेशोत्सव शंभर वर्षांहून जुना आहे. एवढं सगळं एका किलोमीटरच्या आत बसतं. पायऱ्या मात्र उंच आहेत. सहा वर्षांच्या मुलाच्या गुडघ्याला त्या लागतात, आणि आजींना प्रत्येक घाटावर टेकावं लागतं. टेकायला जागेची वाण नाही.

या वाटेवर मुलांचे पाय हमखास अडतात ते देवळापाशी नव्हे, पालथ्या घातलेल्या नावेपाशी. हिवाळ्यात घाटाच्या पायऱ्यांवर नावांची दुरुस्ती चालते. मिस्त्री नावेच्या पोटाशी उकिडवा बसतो, दोन फळ्यांमधल्या फटीत सुताची वळलेली दोरी बोथट छिन्नीने ठोकतो आणि वाटीएवढ्या मोगरीचे घाव एका लयीत पडत राहतात. फट भरली की वरून तापवलेलं डांबर. फळी सालाची, स्थानिक लोक तिला साखू म्हणतात. कुठली फट भरली आणि कुठली राहिली हे मिस्त्री पाहून ओळखत नाही, बोटाने दाबून ओळखतो. मुलं हे अर्धा अर्धा तास पाहत बसतात, आईबाप घड्याळ पाहतात. नावांची इंजिनं आता डिझेलवरून सीएनजीवर गेली आहेत, पण फटी भरायचं काम हातानेच होतं.

मुलं आणखी एक विचारतात: एवढा दगड आणला कुठून? भोवतालचं मैदान तर नुसत्या गाळाचं, खणलं तर खडाही लागत नाही. दगड आला चुनारहून. चुनार गंगेच्या वरच्या अंगाला आहे, विंध्याच्या टोकाशी. तिथल्या खाणींतला वालुकाश्म नावांत भरला की प्रवाहाबरोबर थेट काशीच्या घाटाला लागे. अशोकाचे स्तंभ या दगडाचे, सारनाथचे चार सिंहही याच दगडाचे. घाट चालून झाल्यावर कुटुंबाने एक दिवस काढून या डोंगरांकडे जावं, असं सुचवण्याचं कारण हेच. काशी ज्या डोंगरातून खोदून काढली तो डोंगर सत्तर किलोमीटरवर हिरवागार उभा आहे, आणि यात्रा कंपन्यांच्या पत्रकात त्याचा उल्लेखही सापडत नाही.

बनारसी माणसाला मात्र तो पक्का ठाऊक. शहर सोडून दिवसभर नदीपलीकडे किंवा रानात जायचं, अंघोळ करायची, शेणींच्या आरावर बाट्या भाजायच्या, वांगं-बटाटा भाजून चोखा करायचा आणि संध्याकाळी परतायचं, या रिवाजाला तिथे ‘बहरी अलंग’ म्हणतात. पूर्वी हा बहुतांशी पुरुषांचा आणि भांगेचा कारभार होता. आता गाडीत आजीपासून तान्ह्यापर्यंत सगळे असतात. वऱ्हाड-नागपूरकडच्या माणसाला यात नवल वाटायचं कारण नाही. शेतात गोवऱ्यांवर रोडगे आणि वांग्याची भाजी करणाऱ्याला बाटी-चोख्याची ओळख करून द्यावी लागत नाही.

या डोंगराकडे जायला रामनगर, चकिया असा रस्ता आहे. चकियापर्यंत भातशेती, मग एकाएकी चढ, आणि चंद्रप्रभा अभयारण्य सुरू होतं. मोह, तेंदू, साग, बहावा अशी ओळखीची झाडं. चंद्रप्रभा नदी इथे पठारावरून खाली उतरते. पहिला धबधबा राजदरी, सुमारे 65 मीटर उंचीचा. पण पाणी एकदम कोसळत नाही, खडकाच्या थरांवरून टप्प्याटप्प्याने येतं. तिथून अर्धा किलोमीटर खाली देवदरी, आणि तिथे मात्र दरी सरळ तुटते. दोन्हींमधलं चालणं मुलांना सहज झेपतं. खडक सपाट आहे आणि त्याचे थर उघडे पडलेले आहेत. भोसले घाटाच्या भिंतीतल्या दगडाची जात ही अशी पडून असते.

या जंगलाच्या पलीकडे नौगढ आहे. देवकीनंदन खत्रींनी चकिया-नौगढच्या जंगलांचे ठेके घेतले होते. या भागातल्या पडक्या गढ्या हिंडून ते काशीला परतले आणि त्यांनी ‘चंद्रकांता’ लिहिली. दूरदर्शनवर नव्वदच्या दशकात तिच्यावरची मालिका पाहिलेल्या आईबापांनी मुलांना क्रूरसिंग कसा भुवया उडवायचा हे करून दाखवायला इथे भरपूर मोकळी जागा आहे.

आणि 1957मध्ये इथे गीरचे सिंह सोडले होते: एक नर, दोन माद्या. 1965पर्यंत ते अकरा झाले आणि 1970 येईतो एकही उरला नाही. अभ्यासकांचा संशय शिकारीवर आणि विषावर आहे. जंगल अठ्ठ्याहत्तर चौरस किलोमीटरचं, देखरेख नावापुरती. वेगळं काय होणार होतं? 2013मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गीरचे सिंह कुनोला न्यायला सांगितलं. कुनोत पुढे आले ते चित्ते. आता चंद्रप्रभेत अस्वल, सांबर, नीलगाय आहेत, पण गाडीच्या कर्ण्यांच्या आवाजात ते दिसण्याची आशा धरू नये.

पण सगळ्यात रंगतदार गोष्ट आहे पाण्याची. चंद्रप्रभा जाऊन मिळते कर्मनाशेला, आणि कर्मनाशा म्हणजे जिच्या स्पर्शाने माणसाचं सारं पुण्य धुऊन जातं ती नदी. त्रिशंकू उलटा लोंबकळत असताना त्याच्या तोंडातून गळलेल्या लाळेची ती झाली, अशी कथा. एकीकडे जन्माचं पाप घेणारी गंगा आणि शेजारीच केलेलं पुण्य नासवणारी कर्मनाशा! काशी-गया वाटेवरच्या यात्रेकरूंची त्यामुळे पंचाईत व्हायची. ज्यांना परवडे ते पैसे देऊन दुसऱ्याच्या खांद्यावर बसून नदी पार करत, म्हणजे पाणी लागलंच तर ते खालच्या माणसाच्या पायाला. खांदेकऱ्याच्या पुण्याचं काय, हा प्रश्न कुणी विचारला नसावा. या नदीवर पूल बांधायचं काम हाती घेतलं ते पुण्याहून नाना फडणवीसांनी. राज्य सांभाळता सांभाळता हजारभर मैलांवरच्या ओढ्यासारख्या नदीची काळजी वाहायची, हा त्या पिढीचा खटाटोप आज वाचतानाही थक्क करतो. नानांचा पूल पुरा झाला नाही. पुढे 1830च्या सुमारास काशीतल्या राजा पटनीमलांच्या पैशाने आणि जेम्स प्रिन्सेपच्या देखरेखीखाली तिथे पूल उभा राहिला. भोसल्यांचा घाट आणि नानांचा अपुरा पूल एकाच काळातले. घाट पाहायला कुणी थांबत नाही आणि पूल कुणाला आठवत नाही.

तक्रारी करायच्या तर दोन्हीकडे आहेत. घाटावर भिंतींवर रंगवलेल्या जाहिराती, जिन्यांत शेण आणि इतिहास सांगणारा धड एक फलक नाही. विश्वनाथाच्या भव्य मार्गिकेनंतर गर्दी वाढली, पण ती दशाश्वमेध आणि मणिकर्णिकेच्या मधेच दाटते. उत्तरेच्या मराठी घाटांपर्यंत तिचा पैसाही पोचत नाही. राजदरीला उलट हाल: सुट्टीच्या दिवशी स्पीकर, द्रोणांचे ढीग आणि कातळावर खडूने लिहिलेली प्रेमप्रकरणं. चालायच्या वाटेवर खुणा नाहीत. वनखात्याने दोन धबधब्यांमधली अर्धा किलोमीटरची वाट नीट आखली आणि चार झाडांना नावांच्या पाट्या लावल्या तरी पुष्कळ होईल.

जायचं असेल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी. घाटांवरचा गाळ तोवर धुऊन काढलेला असतो, पायऱ्या सलग मोकळ्या होतात, आणि धबधब्यांना पाणी कमी झालेलं असलं तरी खडक कोरडा मिळतो. पावसाळ्यात दृश्य नेत्रदीपक असतं हे खरं, पण विंध्यातल्या या दऱ्यांत पाणी बघता बघता चढतं आणि दरवर्षी माणसं वाहून जातात. तेव्हा मुलांना घेऊन त्या दिवसांत दरीत उतरू नये. वाराणसीहून गाडी ठरवून सकाळी लवकर निघावं, खाणं बरोबर घ्यावं, उजेड असतानाच परत फिरावं. आणि घाटासाठी नाववाल्याला आधीच सांगून ठेवावं: शिंदे घाटावर वळू नका, भोसले घाटाला उतरवा, पुढचं आम्ही चालत जाऊ.