जपलेल्या अल्बमांना गिऱ्हाईक का मिळत नाही?

जुनी इमारत पुनर्विकासासाठी रिकामी करण्याची वेळ आली, की माळ्यावरच्या पेट्या खाली उतरतात. त्यांतून तांब्या-पितळेची भांडी निघतात, लाल कापडात बांधलेल्या जुन्या चोपड्या निघतात, आणि कित्येक घरांत जाड पुठ्ठ्याचे चार-सहा अल्बमही निघतात. आजोबांनी किंवा वडिलांनी आयुष्यभर जमवलेली ही टपाल तिकिटे असतात. भांड्यांचा प्रश्न लगेच सुटतो. मोडीचा भाव वजनावर ठरलेला असतो आणि पैसे हाती येतात. अल्बमांपाशी मात्र सारे घर थबकते. “यात लाखांचा ऐवज आहे, असे दादा नेहमी म्हणत,” अशी आठवण कोणीतरी काढतो. घरातील तरुण मुलगा कॅटलॉग मिळवून किमतींची बेरीज करतो आणि आकडा खरोखरच मोठा निघतो. मग अल्बम विक्रेत्यासमोर ठेवले जातात. तो पाने भराभर उलटतो, दोन-चार तिकिटांवर भिंग धरतो, आणि जो आकडा सांगतो तो त्या बेरजेच्या लहानशा हिश्शाएवढाच असतो. कधी तर तो अल्बम नम्रपणे परत करतो.

विक्रेता आपल्याला फसवू पाहतो आहे, असा घरच्यांचा पहिला समज होतो. बहुतेक वेळा तो खरा नसतो. जुन्या छंदाच्या वस्तूंचा बाजारच मुळातून बदलला आहे आणि टपाल तिकिटे हे त्याचे सर्वांत ठळक उदाहरण होय. व्यापारी कुटुंबांनी हा बदल समजून घेणे अगत्याचे आहे. कारण अशा अल्बमांची नोंद अनेकदा वारसाहक्काच्या हिशेबात होते, आणि चुकीच्या आकड्यावर झालेली वाटणी पुढे मनांत अंतर निर्माण करते.

पेढीच्या टपालातून वाढलेला छंद

आशियातील पहिली चिकटवावयाची टपाल तिकिटे १८५२ साली सिंध प्रांतात बार्टल फ्रिअर यांच्या कारकिर्दीत निघाली. ती ‘सिंध डाक’ या नावाने ओळखली जातात. १८५४ पासून साऱ्या ब्रिटिश हिंदुस्थानसाठी तिकिटे सुरू झाली, आणि त्यानंतरची शंभर-सव्वाशे वर्षे व्यापाराचा सारा व्यवहार टपालावर चालला. मालाचा भाव, हुंडीची सूचना, रेल्वे पावती, लग्नपत्रिका, सुखदुःखाची वार्ता, सर्व काही पाकिटातूनच येई. ज्या पेढ्यांचा व्यवहार रंगून, एडन, मोंबासा, झांझिबारपर्यंत पसरला होता, त्यांच्या गादीवर रोज परदेशी तिकिटे येऊन पडत. मुनीमजी पत्र वाचून दोऱ्यात ओवत आणि घरातील मुले तिकिटासाठी टपून बसत. पाकिटाचा कोपरा कापायचा, तो पाण्यात भिजवायचा, तिकीट सुटले की वर्तमानपत्रावर वाळवायचे, हा विधी त्या पिढीतील असंख्य मुलांनी केला आहे. शाळेच्या मधल्या सुट्टीत दोन ‘हेल्वेशिया’ देऊन एक ‘मग्यार पोस्टा’ घेण्याचा सौदा हा कित्येकांच्या आयुष्यातील पहिला व्यापार ठरला.

छंदामागे ज्ञानाचाही ओढा होता. १९३५ साली पंचम जॉर्ज यांच्या राज्यारोहणाच्या रौप्यमहोत्सवानिमित्त निघालेल्या मालिकेत सव्वा आण्याच्या तिकिटावर कोलकात्याचे जैन मंदिर होते. स्वतंत्र भारताचे पहिले तिकीट २१ नोव्हेंबर १९४७ रोजी निघाले. साडेतीन आण्यांच्या त्या तिकिटावर तिरंगा आणि ‘जय हिंद’ ही अक्षरे होती. १९४९ च्या मालिकेतील पंधरा रुपयांच्या तिकिटावर पालिताण्याच्या शत्रुंजय तीर्थाचे दर्शन घडते. १९७४ मध्ये भगवान महावीरांच्या २५०० व्या निर्वाण महोत्सवाचे, तर १९८१ मध्ये श्रवणबेळगोळच्या गोमटेश्वराचे तिकीट निघाले. ही तिकिटे अनेक जैन घरांत श्रद्धेने जपलेली आढळतात. ती घरोघर आहेत, हेच त्यांतील पुष्कळ तिकिटांचा बाजारभाव कमी असण्याचे एक कारण आहे.

टपाल आटले, संग्राहक आटले

बाजारात भाव वस्तूच्या वयावर ठरत नाही; किती जणांजवळ ती आहे आणि किती जणांना ती हवी आहे, यावर तो ठरतो. व्यापाऱ्याला हे सांगावे लागत नाही. परंतु आपल्याच घरातील वस्तूसंबंधी त्याला याचा हमखास विसर पडतो.

जगातील पहिले टपाल तिकीट, ब्रिटनचे ‘पेनी ब्लॅक’, १८४० सालचे. परंतु त्याच्या सुमारे ६ कोटी ८० लाख प्रती छापल्या गेल्या होत्या. म्हणूनच पावणेदोनशेहून अधिक वर्षे लोटूनही ते दुर्मीळ तिकिटांत मोडत नाही. चांगल्या स्थितीतील प्रतीलाच बरा भाव येतो. मग १९६० ते १९९० या काळात लाखोंच्या संख्येने छापलेल्या आणि तितक्याच लाखोंनी ‘पुढे किंमत येईल’ म्हणून जपलेल्या तिकिटांची कथा काय सांगावी? जी वस्तू सर्वांनीच जपली, ती कधी दुर्मीळ झालीच नाही.

दुसरीकडे मागणीचा झराच आटला. आज घरात येणाऱ्या टपालात बँकेची, विमा कंपनीची वा न्यायालयाची पाकिटे असतात आणि त्यांवर बहुधा यंत्राचा छाप किंवा बारकोड असतो. दहा वर्षांच्या मुलाने तिकीट चिकटवलेले पाकीट कदाचित पाहिलेही नसेल. जी वस्तू बालपणी हातात आली नाही, तिचा मोह मोठेपणी होत नाही. पूर्वीचे संग्राहक आता सत्तरी-ऐंशीत आहेत. ते घेणारे राहिले नसून देणारे झाले आहेत. एकाच काळात हजारो घरांतून अल्बम बाहेर पडत आहेत आणि समोर गिऱ्हाईक मोजके आहे. शिवाय नव्या सदनिकांत माळा नाही आणि भिंतीतले कपाटही लहान असते. जागेचा चौरस फुटाचा भाव पाहता, चार पेट्या सांभाळण्याचा खर्च त्यांतील मालाहून अधिक भरतो.

टपाल खात्यांनीही या बाजाराला हातभारच लावला. तिकीट संग्रहासाठी घेतले की त्याबदल्यात टपालसेवा द्यावी लागत नाही, त्यामुळे जगभरातील खात्यांनी संग्राहकांसाठी म्हणून मालिका वाढवल्या. भारतात २००६ मध्ये चंदनाच्या सुवासाचे, तर २०११ मध्ये खादीच्या कापडावर गांधीजींचे तिकीट निघाले. त्याच वर्षी स्वतःचे छायाचित्र छापून घेण्याची ‘माय स्टॅम्प’ योजनाही आली. या नावीन्याचे स्वागत झाले. पण विकत घेऊन थेट प्लास्टिकच्या आवरणात ठेवलेली वस्तू दुर्मीळ व्हावी कशी?

न वापरलेल्या तिकिटांवर छापील किंमत तरी आहे, असे कोणी म्हणेल. साध्या पाकिटाला आज पाच रुपयांचे टपाल लागते. पंचवीस पैशांची तिकिटे लावायची म्हटली, तर वीस लागतील आणि पत्ता लिहायला जागा उरणार नाही. ब्रिटन-अमेरिकेत तर जुनी न वापरलेली स्मरणतिकिटे छापील किमतीहूनही कमी भावाने विकली जातात. घेणारे ती पाकिटांवर लावून टपालखर्चात बचत करतात.

जगभरचे दुकान एका पडद्यावर

पूर्वी मुंबईच्या फोर्ट भागातील विक्रेत्याकडे एखादे तिकीट असले, तर शहरातील संग्राहकाला ते इतरत्र सहज मिळत नसे. त्या अडचणीचीही एक किंमत होती. इंटरनेटने ती अडचण नाहीशी केली. आता तेच तिकीट लंडन, सिंगापूर आणि कोइमतूर येथील विक्रेते एकाच पडद्यावर मांडतात, आणि गिऱ्हाईक त्यांतील सर्वांत स्वस्त निवडते. गावात एकमेव असलेली वस्तू जगात शंभर जणांकडे आहे, हे उघड झाले.

कॅटलॉगमधील आकड्यांचा अर्थही नीट समजून घ्यायला हवा. ‘स्टॅनले गिबन्स’ या प्रसिद्ध इंग्रजी पेढीचा कॅटलॉग १८६५ पासून निघतो. त्यातील किंमत म्हणजे ती पेढी निर्दोष प्रत ज्या भावाने विकेल तो भाव, खरेदीचा नव्हे. त्यात दुकानाचा खर्च, पारखण्याची मेहनत आणि अस्सलपणाची हमी धरलेली असते. घरच्या अल्बममधील प्रतीवर कागदी पट्टीचा डाग असतो, मुंबईच्या दमट हवेने गोंद पानाला चिकटलेला असतो, कडेवर तांबूस ठिपके असतात, दातेरी कडेचा एखादा दात तुटलेला असतो. यांतील प्रत्येक दोष किंमत खाली आणतो.

शिवाय विक्रेत्याच्या वेळेचा हिशेब आहेच. समजा, अल्बममध्ये ५,००० साधी तिकिटे आहेत. प्रत्येक तिकीट ओळखणे, तपासणे, छायाचित्र काढणे व नोंदणे यांस केवळ एक मिनिट धरले, तरी ८३ तास होतात. म्हणजे आठ तासांचे दहाहून अधिक दिवस. त्यानंतर एकेक तिकीट दोन-पाच रुपयांना विकायचे आणि ते पोहोचवण्याचा खर्च त्याहून अधिक. असा माल फुकट मिळाला तरी परवडत नाही. विक्रेता अल्बम परत करतो, त्यामागे हे साधे गणित असते.

लाखांच्या बातम्या आणि स्पेनचा धडा

घरच्यांच्या आशा फुलतात त्या वर्तमानपत्रांतील बातम्यांनी. १९४८ मध्ये गांधीजींच्या स्मरणार्थ निघालेल्या दहा रुपयांच्या तिकिटांपैकी केवळ १०० प्रतींवर गव्हर्नर जनरलच्या कार्यालयासाठी ‘सर्व्हिस’ ही अक्षरे छापली होती. त्यांतील सलग चार तिकिटांची पट्टी २०१७ साली पाच लाख पौंडांना विकली गेली. ही बातमी खरी आहे. पण ती त्या शंभर प्रतींची आहे, घरोघर असलेल्या साध्या प्रतींची नव्हे. आणि शिखरावरचा भावही नेहमी चढताच राहतो असे नाही. ‘ब्रिटिश गयाना’चे १८५६ चे, जगात एकच उरलेले एक सेंटचे किरमिजी तिकीट २०१४ मध्ये सुमारे ९५ लाख डॉलरला गेले, तेच २०२१ मध्ये सुमारे ८३ लाखांना विकले गेले.

छंदाला गुंतवणुकीचे रूप दिले की काय होते, ते स्पेनने पाहिले. तेथील ‘फोरम फिलातेलिको’ आणि ‘अफिन्सा’ या दोन कंपन्या टपाल तिकिटांच्या आधारे ठरावीक परताव्याचे वचन देऊन ठेवी घेत. मे २००६ मध्ये पोलिसांनी त्यांवर छापे घातले. तिकिटांच्या किमती कागदावर फुगवलेल्या होत्या आणि जुन्यांचे पैसे नव्यांच्या पैशांतून दिले जात होते, असे तपासातून पुढे आले. लाखो सामान्य कुटुंबांची बचत अडकली. पुढे संचालकांना शिक्षाही झाल्या. सोन्याला रोजचा भाव असतो आणि ते घेणारा सराफ प्रत्येक गावात असतो, म्हणून बँक त्यावर कर्ज देते. तिकिटांना असा भाव नाही आणि असा सराफही नाही.

जुन्या छंदाच्या साऱ्याच वस्तूंना हा नियम सरसकट लागू होतो असे नाही. ग्रामोफोनच्या तबकड्या मोडीत निघाल्या असे वाटत असतानाच तरुणांनी त्या पुन्हा उचलल्या. अमेरिकेत २०२० मध्ये त्यांच्या विक्रीचे उत्पन्न १९८६ नंतर प्रथमच सीडीच्या पुढे गेले. कारण तबकडी ऐकता येते. ती वापरणारी नवी पिढी तयार झाली. ज्या वस्तूचा उपयोग कोणालातरी आजही करावासा वाटतो, तिलाच गिऱ्हाईक उरते.

वाटणीच्या कागदावर काय लिहावे?

हिशेबशास्त्राचा जुना दंडक आहे, की शिल्लक मालाचे मोल खरेदी किंमत किंवा मिळू शकणारी निव्वळ किंमत यांपैकी जी कमी असेल तीच धरावी. दुकानातील मालाला हा नियम काटेकोरपणे लावणारा व्यापारी वडिलांच्या अल्बमला मात्र कॅटलॉगचा भाव लावतो. मग एका भावाच्या वाट्याला रोख रक्कम येते आणि दुसऱ्याच्या वाट्याला तेवढ्याच ‘किमतीचे’ अल्बम. काही वर्षांनी ते विकायला काढल्यावर खरी रक्कम कळते, आणि कोणाचीही लबाडी नसताना दोघांत अढी बसते. यासाठी दोन-तीन जाणकारांचे लेखी अंदाज घेऊन त्यांतील खरेदीचाच भाव हिशेबात धरावा; अथवा अल्बम वाटणीबाहेर, आठवण म्हणून ठेवावेत. संग्रह परदेशी पाठवण्याचा विचार असेल, तर शंभर वर्षांहून जुन्या ऐतिहासिक वस्तूंच्या निर्यातीवर १९७२ च्या कायद्याने निर्बंध आहेत, हेही ध्यानी ठेवावे.

या साऱ्या व्यवहारात एक गोष्ट मात्र उलट घडली आहे. ज्या पाकिटांतून मुलांनी तिकिटे कापली, ती संपूर्ण पाकिटेच आज जाणत्या संग्राहकांना अधिक हवीशी वाटतात. कोठून निघाले, कोणत्या मार्गाने आले, कोणते शिक्के बसले, युद्धकाळात कोणी उघडून तपासले, हे सारे पाकीट सांगते. सुट्या तिकिटाला ते सांगता येत नाही. म्हणून जुन्या पेढीची पत्रे कोणाच्या कपाटात असतील, तर त्यांवरील तिकीट काढू नये, पाकीट व पत्र वेगळे करू नये आणि गठ्ठा मोडून विकू नये.

आणि संग्राहक हयात असतील, तर त्यांच्याजवळ बसून एका वहीत उतरवून घ्यावे, की कोणते तिकीट कोठून आले, काय देऊन घेतले, कोणत्या पानावर खरोखर मोलाचे काही आहे. विक्रेता आला तर ही वही त्याचे कितीतरी तास वाचवील आणि भावही चांगला मिळवून देईल. विक्रेता आलाच नाही, तरी मोंबासाहून येणारे पत्र कोणाचे होते आणि त्या गावी घरातले कोण गेले होते, हे पुढच्या पिढीला कळेल. ते सांगणारे माणूस घरात आहे तोवरच ही वही लिहून होईल.