“आता काही करण्यासारखे नाही”

आमच्या आत्याबाईंना कर्करोग झाला होता. शेवटी एका रुग्णालयात हेच वाक्य ऐकून आम्ही त्यांना घरी आणले. रात्ररात्र त्या कण्हत आणि आम्ही नुसते उशाशी बसून. करण्यासारखे पुष्कळ होते, हे आम्हास फार उशिरा कळले. म्हणून हा लेखप्रपंच.

आजार बरा होणार नसला तरी वेदना, धाप, मळमळ, निद्रानाश यांवर उपचार असतात. त्यांस पॅलिएटिव्ह केअर म्हणतात. भारतातील पहिले असे शुश्रूषागृह, शांती अवेदना सदन, १९८६ साली मुंबईत वांद्र्याला निघाले. हे उपचार केवळ अखेरच्या घटकेचे, असा समज आहे. तो चुकीचा आहे. निदान झाल्यापासून केमोथेरपीबरोबरही ते देता येतात.

तीव्र वेदनेवरचे मुख्य औषध मॉर्फिन. अफूपासून बनते म्हणताच घरचे दचकतात, “सवय लागेल” म्हणतात. मरणाच्या वेदनेत असलेल्या माणसाबद्दल ही काळजी! डॉक्टरांच्या देखरेखीखाली घेतल्यास व्यसनाची भीती फार थोडी. साधी गोळी साधारण दर चार तासांनी द्यावी लागते. दुखू लागण्याची वाट पाहायची नसते. बद्धकोष्ठ मात्र बहुतेकांना होते, म्हणून सोबत रेचक हवे. १९८५ च्या अंमली पदार्थ कायद्यामुळे हे औषध दुर्मिळ झाले होते. २०१४ च्या दुरुस्तीने परवान्यांची कटकट कमी झाली. तरी कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये ते मिळेलच असे नाही. जालन्याहून साठेक किलोमीटरवर छत्रपती संभाजीनगरला शासकीय कर्करोग रुग्णालय आहे. तेथे चौकशी करावी.

बँकेच्या काउंटरवर आम्ही पाहतो, उपयोग नाही हे ठाऊक असूनही लोक लेकीच्या लग्नाची ठेव मोडतात. आणखी एक इंजेक्शन, आणखी एक शहर. रुग्णाला मात्र कोणी विचारत नाही. आजाराचे नावही त्याच्यापासून लपवतात. त्याला ते बहुधा कळलेलेच असते.

विनयपिटकातील प्रसंग आपणांस ठाऊक आहे. अतिसाराने मलमूत्रात पडलेल्या भिक्खूकडे कोणी फिरकत नव्हते, कारण तो कोणाच्या उपयोगी पडला नव्हता. भगवंतांनी आनंदाला पाणी आणावयास सांगितले, दोघांनी त्याला धुतले आणि उचलून मंचकावर ठेवले. औषध दिल्याचा उल्लेख तेथे नाही.

घरी तेवढे तरी जमते. दर दोन तासांनी कूस बदलावी म्हणजे पाठीला जखमा होत नाहीत. ओल्या फडक्याने तोंड पुसावे. बळेच भरवू नये. आणि वस्तीतील चार जणींनी रात्रीच्या पाळ्या वाटून घेतल्या तर त्या घरच्या सुनेला एक रात्र तरी झोप मिळेल.